कवळीकाकांचं हेलिकॉप्टर

शेपटीचा पंखा उलटा बसला होता. आतल्या खोलीतून कवळीकाकांचं घोरणं ऐकू येऊ लागलं, तशा काकू टेबलाशी आल्या, चष्मा नाकावर ओढला आणि त्यांनी कपाळाला हात लावला.

"धन्य आहे बाई या माणसाची," त्या पुटपुटल्या आणि त्यांनी चिमटा उचलला.

काका दातांच्या कवळ्या बनवायचे. अर्ध्या गल्लीचं हसू त्यांच्या हातचं, म्हणून हे नाव पडलेलं. केसाएवढी फटसुद्धा त्यांच्या नजरेतून सुटत नसे. पण दुकान बंद केलं आणि माणूस खिडकीशी बसून राहायला लागला. बोलणं नाही, चालणं नाही. मग एक दिवस लेकीला सांगून त्यांनी हे हेलिकॉप्टर मागवून घेतलं. खोकाभर करडे प्लॅस्टिकचे तुकडे, काही तर तांदळाच्या दाण्याएवढे, आणि जोडणीचा कागद म्हणजे नुसती चित्रं. काका हरखून गेले. पहिल्याच दिवशी त्यांनी दार जोडलं, ते तिरकं. चिमटा धरला की त्यांचा हात थरथरायचा.

ते दार काकूंनी उजेडात धरून बघितलं. आपल्याला आता काही जमत नाही, असं एकदा या माणसाच्या मनानं घेतलं की संपलंच. तो पुन्हा खिडकीशी जाऊन बसेल आणि या खेपेला उठणार नाही. काकूंना त्याची फार भीती वाटली. काका झोपले की आपणच गुपचूप नीट करून ठेवायचं, असं त्यांनी ठरवून टाकलं.

ठरवायला काय जातं? त्यांचा स्वतःचा उजवा हात तरी कुठे धड होता! पडून मनगट मोडलं होतं. प्लास्टर निघालं, पण बोटं काही वळेनात. शिलाई मशीन झाकून ठेवलेलं, गिऱ्हाइकांना दुसरीकडे वळवलेलं. डॉक्टरांनी दाबायला रबरी चेंडू दिला होता. "मी काय तान्हं बाळ आहे चेंडूशी खेळायला?" म्हणून काकूंनी तो कपाटावर फेकला, आणि त्यावरून नवरा-बायकोत चांगला अबोलाही झाला होता.

ते दार सरळ करायला अख्खी दुपार गेली. तुकडा निसटून टेबलाखाली जायचा, काकू रडकुंडीला यायच्या. नशीब, गोंद अगदी नावाला लावलेला असे. चाकूच्या पात्याचं टोक घातलं की सांधा अलगद सुटायचा. शिवाय काका उठताना दिवा, चिमटा, पॉलिश पेपर सगळं तसंच पसरून जायचे. एरवी काकूंनी घर डोक्यावर घेतलं असतं, पण आता तो पसारा त्यांच्या पथ्यावरच पडला.

संध्याकाळी काका काठोकाठ भरलेले चहाचे दोन कप घेऊन येत, काकूंसमोर एक ठेवत आणि हेलिकॉप्टर उचलून बघत.

"अगं, हे बघ. सकाळी वाटलं तिरकं बसलं. वाळल्यावर कसं सरळ झालं!"

"प्लॅस्टिकच ते. बसतं आपोआप."

"हात अजून शाबूत आहे म्हणायचा माझा."

"आहे तर! उगाच का लोक रांग लावायचे?" काकू म्हणायच्या आणि चहात तोंड लपवायच्या.

दारं झाली, चाकं झाली. मग वैमानिकाच्या खुर्चीचे पट्टे, त्याच्या पुढ्यातले खटके. तुकडे बारीक होत गेले आणि काकांच्या चुकाही. काकू दुपारची वाट बघू लागल्या. मोठ्या पंख्यापाशी मात्र गाडं अडलं. पात्यांना धरणाऱ्या केसाएवढ्या काड्या काकांनी भलत्याच जोडल्या आणि चिमटा खाली ठेवला.

"नाही जमायचं मला. खोक्यात भरून देतो माळ्यावर."

काकूंनी खोका आपल्याकडे ओढला. "अहो, असं काय करता? जरा पडा. डोकं शांत झालं की सुचेल."

"म्हणतेस?"

"म्हणते."

काका मुकाट्यानं उठले आणि पाठ टेकताच घोरू लागले. त्या दुपारी काकूंनी श्वास रोखून एकेक काडी सोडवली, घासली आणि जागच्या जागी बसवली. मोठा पंखा बोटानं ढकलला तर गरगर फिरला. त्यांना इतका आनंद झाला की ओरडावंसं वाटलं, पण ओरडायची सोय नव्हती.

हेलिकॉप्टर पुरं झालं. शेजारीपाजारी बघून गेले, लेकीनं फोनवर बाबांचं तोंडभरून कौतुक केलं. काका फुशारले. आपण काय केलं ते काकूंनी कुणालाच सांगितलं नाही. हा माणूस हसतोय, एवढं त्यांना पुष्कळ होतं.

त्याच आठवड्यात काकूंच्या हाताची तपासणी होती. डॉक्टरांनी बोटं वाकवून बघितली, अंगठा प्रत्येक बोटाला टेकवायला लावला, टेबलावरची टाचणी उचलायला सांगितली. काकूंनी ती सहज उचलली.

"वा!" डॉक्टर म्हणाले. "चेंडू अगदी नेमानं दाबलात म्हणजे."

"चेंडू?" काकू चपापल्या. "नाही हो. तो कपाटावर पडलाय."

"मग दुसरं काही बारीक काम करत होतात?"

काकूंनी चोरून नवऱ्याकडे पाहिलं. सगळं उघडं पडणार या धास्तीनं त्या घाईघाईनं म्हणाल्या, "छे, छे. बारीक कसलं? आपलं घरचंच. भाजी निवडणं वगैरे."

डॉक्टरांनी हसून काकांकडे बघितलं.

"डॉक्टर," काका म्हणाले, "हेलिकॉप्टरमध्ये आता बिघडवण्यासारखं काही उरलं नाही. पुढे काय घेऊ, जहाज चालेल?"