नदीपलीकडून आलेली हाक

बुग नदीच्या काठावरच्या पडक्या किल्ल्यावर उन्हाळ्यात आमची एक तरी फेरी होतेच. या वेळी माझी धाकटी बहीण हालिनाही बरोबर होती. वसंतापासून ती आमच्याकडेच राहायला आली होती.

बुरुजावर बसून आम्ही पाव आणि खारवलेल्या काकड्या खाल्ल्या. खाली कुरणात करकोचे हिंडत होते. मग माझा नवरा व्हितोल्ड दरवर्षीसारखा उठला आणि पलीकडच्या कड्याकडे तोंड करून माझ्या नावानं ओरडला, "बोग्नाऽ!"

पलीकडून प्रतिध्वनी आला, "हालिनाऽ!"

"अय्या ताई, नदीला मीच जास्त आवडते वाटतं!" हालिना हसत म्हणाली.

मला हसू आलं नाही. "पुन्हा हाक मार बघू," मी नवऱ्याला म्हटलं.

"पुरे गं. वाऱ्यानं भलतंच ऐकू येतं," असं म्हणून तो डबा आवरायला लागला. पण कुरणातलं गवत जराही हलत नव्हतं.

"मार ना. स्वतःच्या बायकोलाच तर हाक मारायचीय!"

त्यानं मान वर केली नाही. शेवटी मीच कठड्याशी गेले आणि जीव खाऊन ओरडले, "व्हितोल्डऽ!"

बराच वेळ पलीकडून काहीच आलं नाही. हालिना माझ्या शेजारी येऊन उभी राहिली. तिचे ओठ घट्ट मिटलेले होते.

आणि पाण्यावरून तिचाच आवाज आला, लाडिक, कुजबुजल्यासारखा, "हळू बोल ना रे. ताई अजून जागी आहे."