रिकाम्या नळीचा अहवाल

"प्रोसेसरचा वेग विनापरवाना वाढवल्यामुळे रक्ततपासणीचे अहवाल चुकीचे निघाले," असे चौकशी समिती म्हणते. या निष्कर्षात एकच खोट आहे: एकही अहवाल चुकीचा नव्हता. समितीने नियम वाचले, अहवाल तेवढे वाचायचे राहिले.

प्रयोगशाळेला मिळालेला संगणक सर्वांत स्वस्तातला होता. तंत्रज्ञाने त्याचा प्रोसेसर ओव्हरक्लॉक केला, म्हणजे नेमल्यापेक्षा जास्त वेगाने पळवला, खोक्याचे झाकण काढले आणि तापू नये म्हणून टेबलफॅन त्याच्यावर रोखला. दहा मिनिटांचे काम सात मिनिटांत होऊ लागले, तेव्हा वरिष्ठांनी त्याची पाठच थोपटली होती.

मग एका सोमवारी नळी रिकामी असतानाच रुग्णाचा अहवाल छापून आला. नंतर रक्त काढून तपासले. आकडे तंतोतंत जुळले.

"आता सुई कशाला टोचता, भाऊ? नुसतं नाव विचारा की!" नर्सताई हसल्या. तिसऱ्या अहवालानंतर त्यांनी हसणे सोडले.

समितीपुढे उभ्या तंत्रज्ञाला नोकरीची फिकीर उरली नव्हती. त्याचे सारे लक्ष बंद दाराकडे होते.

"अहो, मिठाची गुळणी धरलीत का तोंडात? बोला!" अध्यक्ष खेकसले.

त्याचा कबुलीजबाब इतिवृत्तात शब्दशः आहे: "वेग मीच वाढवला, साहेब. मंगळवारी तो पुन्हा पूर्वीइतका कमी केला. तरी बुधवारी माझ्या बायकोचा अहवाल आला. असे आकडे असलेलं माणूस जगत नाही. ती धडधाकट आहे, तिचं रक्त कुणी घेतलेलं नाही. पण आत्ता आत येताना पाहिलं, ती बाहेर रुग्णांच्या बाकावर येऊन बसली आहे, आणि मी तिला बोलावलेलं नाही."