शर्टाचं शेपूट

हरणावर नेम चुकला की चुकणाऱ्याच्या शर्टाचं शेपूट कापून भिंतीवर ठोकायचं, ही अलाबामातल्या आमच्या शिकारी खोपटाची रीत. तिथं माझीच चार शेपटं होती. यंदा मी चिडून सेमी-ऑटोमॅटिक रायफल घेतली. गोळी सुटली की पुढची आपोआप चढते. "एका गोळीत जमेना, म्हणून पाच का रे, आंधळ्या?" धाकटा भाऊ वेबर हसला. बाप म्हणाला, "साध्या रायफलीत दुसरी गोळी हातानं भरावी लागते, तेवढ्यात माणूस पुढं बघतो." सकाळी हरीण उठलं. पहिली गोळी चुकली. हरीण पळालं, नळी त्याच्यामागं फिरली, बोट थांबलंच नाही. चौथी लागली, पलीकडं उभ्या वेबरला, शिकाऱ्यांनी एकमेकांना दिसावं म्हणून घालतात ते नारिंगी जाकीट घातलेल्या. त्याला पुरून आल्यावर खोपटात मी शर्ट बाहेर ओढून बापापुढं कात्री धरली. "काप, डॅडी." मांडीवरचं नारिंगी जाकीट न सोडता तो म्हणाला, "कशाला? तुझी गोळी लागली ना."