मॅडमची प्लेट

प्रयोगशाळेत मॅडमनी जंतू वाढवायच्या काचेच्या प्लेटचं झाकण उचललं आणि नेमकं तिथेच त्यांचं बोलणं बंद पडलं.

जंतू घेतलेली तार थिजलेल्या खळीसारख्या थरावरून सरसर फिरली. रेघा ओढून झाल्या, झाकण बसलं. मग मॅडम म्हणाल्या, "हं. तर असं करायचं."

"कसं?" मागून कुणीतरी विचारलं. वर्ग खुसखुसला. पोरांनी आपलं नाव 'मूकपट' ठेवलंय, हे मॅडमना ठाऊक होतं.

एकोणीस वर्षं संशोधनात काढलेली बाई. प्लेट उघडली की ओठ मिटायचे, हे अंगवळणीच पडलेलं. तोंडातला एक तुषार उडाला की महिन्याची मेहनत पाण्यात! पण इथे झालं भलतंच. मागच्या वेळी तेवीस पोरांच्या तेवीस प्लेटा बिघडल्या. जंतू वाढायला हवेत रेघांवर, तर रेघा सोडून जिकडेतिकडे ठिपके. विभागप्रमुखांनी सांगून टाकलं होतं, "गुरुवारी मी स्वतः प्लेटा बघतो. पुन्हा तेच झालं तर वर्ग दुसऱ्यांकडे देईन. तुम्ही संशोधनातच बऱ्या होतात, मॅडम." त्यात कडवटपणा नव्हता, म्हणूनच ते जास्त झोंबलं. महिन्याभरात ह्या दंगेखोर कार्ट्यांचा मॅडमना लळा लागला होता. त्यांना हा वर्ग हवा होता.

"मॅडम, एक विचारू?" पहिल्या बाकावरची चष्मेवाली म्हणाली. "झाकण उघडलं की तुम्ही आमच्यावर रागावता का?"

"अगं, छे गं! उघड्या प्लेटवर बोलायचं नसतं. तोंडातले जंतू पडतात."

"मग आम्हाला कळायचं कसं? खरं काम तर तेव्हाच होतं ना."

मॅडमनी कपाळावर हात मारला. इतकी साधी गोष्ट, आणि आपल्या डोक्यात आली नाही!

त्यांनी नवी प्लेट घेतली. "या सगळे. अजून जवळ या, मी काही खात नाही." झाकण उचललं आणि क्षणभर जीभ अडखळली. मग त्या बोलत सुटल्या. "झाकण पूर्ण काढायचं नाही, असं तिरकं धरायचं, आडोशासारखं. मनगट सैल. अरे, नांगरायचं नाहीये, तार नुसती टेकवायची. आता ती पुन्हा तापवा, निवू द्या, मग पुढची रेघ. आणि मी आत्ता करतेय ते मुळीच करू नका. तोंडं मिटा!"

वर्ग खो खो हसला. मॅडमही हसल्या, तेही उघड्या प्लेटवरच. आत जीव मात्र तुटत होता.

गुरुवारी प्रमुख आले. पोरांनी नव्याने केलेली एकेक प्लेट उजेडाकडे धरून निरखू लागले. एक स्वच्छ. दुसरी स्वच्छ. पुढच्याही तशाच. दोन प्लेटांत एकेक चुकार ठिपका सापडला, तेव्हा ते "चालायचंच" म्हणाले. तेवीस झाल्यावर त्यांनी हात झटकले. "वर्ग तुमच्याकडेच राहू दे, मॅडम."

मॅडमचे डोळे भरून आले. तेवढ्यात प्रमुखांच्या हाताला कडेची एक प्लेट लागली. ठिपकेच ठिपके, पिवळे, पांढरे, रेघांना न जुमानता पसरलेले.

"अरे देवा! ही कुणाची?"

"मॅडमची!" सगळे एकदम ओरडले.

प्रमुख चष्म्यावरून बघू लागले. मॅडमनी पुढे होऊन ती प्लेट त्यांच्या हातून अलगद काढून घेतली.

"जपून, सर," त्या म्हणाल्या. "माझं पहिलं लेक्चर आहे ते."