रंभेची कावीळ

जुनी इंदूर मोहल्ल्यातल्या घरात रंभा मांजरीनं पंधरा दिवस अन्न टाकलं होतं आणि शशिकलाबाईंचा जीव थाऱ्यावर नव्हता. घडीघडी त्या दुधाची वाटी बदलत, वर ताजी साय घालत. रंभा हुंगून तोंड फिरवी.

अखेर मध्यभारत सरकारच्या गुरांच्या दवाखान्यातले डॉक्टर घरी आले. त्यांनी रंभेचे कान उलटून पाहिले, हिरड्या पाहिल्या. सगळं हळदीसारखं पिवळं.

"देखो काकू, कावीळच आहे. लठ्ठ मांजर उपाशी राहिलं की त्याचं लिव्हर बसतं. दवा एकच, पोटात अन्न गेलं पाहिजे. नाहीतर चार दिवस काढायची नाही. पंधरा दिवसांपूर्वी घरात काही बदललं का?"

"काही नाही हो. श्रावण लागला, तेवढंच. बाकी आमच्याकडे बारा महिने कांदासुद्धा चिरत नाहीत."

झोपाळ्यावर मघापासून चुळबुळत बसलेले त्यांचे यजमान, दत्तोपंत, उठले. खुंटीवरची पिशवी घेऊन, बायकोकडे न बघता म्हणाले,


"श्रावणात मी खिमा खायला जात नाही, म्हणून रंभेचाही बंद झाला. आत्ता आणतो, डॉक्टरसाहेब."