दिवा मंद झाला की

पारोळ्याच्या अलीकडे हायवेला मंजुळाबाईंचं घर. घरामागच्या ढाब्यावर इलेक्ट्रिक गाड्यांचा फास्ट चार्जर बसला, तेव्हापासून गाडी चार्जिंगला लागली रे लागली की यांच्या घरातला दिवा मंद व्हायचा, पंखा रडतखडत फिरायचा. मंजुळाबाई हातातलं काम टाकून उठायच्या आणि पाण्याचा तांब्या घेऊन मागच्या दारी जायच्या. गाडी चार्ज होईपर्यंत गाडीतल्या माणसांनाही कुठं जायचं नसायचं.

पुण्याहून दीपकने व्हिडिओ कॉल केला, तेव्हा बोलता बोलता पडद्यावर आईचा चेहरा अंधारला.

"आई, हे रोजचंच आहे का?"

त्याने बसल्या जागी मोबाईलवरून तक्रार केली आणि पाठपुरावाही सोडला नाही. शेवटी चार्जरला वेगळा ट्रान्सफॉर्मर मिळाला. दिवा लख्ख झाला, पंखा जोरात फिरू लागला.

काही दिवसांनी वायरमन योगराज विचारायला आला, "अक्का, आते लाइट बरोबर शे ना?"

"शे ना भाऊ. बठ्ठं बरोबर शे."

त्यांनी त्याला खाटेवर बसवलं, चहा केला, पोराबाळांची चौकशी केली. चहा संपला तसा दुसरा कप पुढे केला. तो निघालाच, तेव्हा त्याच्या मागोमाग दारापर्यंत आल्या.

"भाऊ, पहिलं व्हतं तसं करता येई का? त्या गाड्यास्ना आवाज येस नही. मांगे ढाब्यावर कोनी उनं, ते माले दिवाच सांगे."