मेपलचा दांडा

पूल या बिलियर्ड्ससारख्या खेळाचा शेवटचा डाव मांडला जात होता, आणि मर्व्हिन भिंत चाचपत क्लबात शिरला. मुलीचा सामना बघायला तो कधीच यायचा नाही. कॉरीनने त्याला पाहिलं. पंधरा दिवसांचा पगार घालून घेतलेला कार्बन फायबरचा काळा दांडा तिने भराभर फिरवून क्यूच्या, म्हणजे खेळायच्या काठीच्या, मुठीपासून सोडवला, पिशवीत कोंबला, आणि बापाने बनवलेला मेपलचा दांडा चढवला.

"डोकं फिरलं का गं तुझं?" समोरची डेनीस म्हणाली. "तीन-तीन बरोबरी आहे, तुझे तिन्ही डाव त्या काळ्यावर जिंकलीस. आता हे काय अजबखाना उघडलास?"

"गप बस आणि पहिला फटका मार."

हा डाव जिंकेल ती क्वीन्सलँडच्या संघात जाणार होती. तरी या घडीला कॉरीनला संघाची पर्वा नव्हती. बाप भिंतीलगतच्या बाकावर बसला होता. नजर अधू असली तरी काळा दांडा कुठला आणि लाकडी कुठला एवढं त्याला दिसायचं. हात मात्र अजून शाबूत आहेत, असं तो चारचौघांत छातीठोकपणे सांगायचा आणि पुरावा म्हणून या मेपलच्या दांड्याकडे बोट दाखवायचा. "माझी पोरगी त्यावरच जिंकतेय!" दांडे घडवायचं त्याचं लेथ यंत्र विकत मागायला आलेल्या माणसाला याच जोरावर त्याने दोनदा हाकलून दिलं होतं.

आणि आपण त्याच्याच दांड्यावर जिंकतो, हेच कॉरीन दर रविवारी त्याला सांगत आली होती. खरं तर तो दांडा जानेवारीतच वाकला होता. तोही तिच्या निष्काळजीपणाने: दोन दिवस गाडीच्या डिकीत विसरला होता. ऑस्ट्रेलियात जानेवारी म्हणजे भर उन्हाळा, त्यात टाउन्सव्हिलचा; लाकूड किती तग धरणार? पण हे कबूल करायची तिची छाती झाली नव्हती.

डेनीसच्या पहिल्या फटक्यात एकही चेंडू भोकात गेला नाही. मग पहिले चार चेंडू कॉरीनने कसेबसे घातले. पाचवा तर भोकाच्या तोंडाशीच होता. तिने नेम धरला, फटका मारला, आणि चेंडू काठावर आपटून बाहेर आला.

"अगं, माझ्या आजीनेही घातला असता तो!" बारपाशी कुणीतरी ओरडलं.

डेनीस टेबलाशी गेली. मर्व्हिन उठला. "दे तो इकडे," तो म्हणाला.

त्याने दांडा सोडवला, शेजारच्या रिकाम्या टेबलावर आडवा ठेवला आणि तळहाताने ढकलून दिला. त्याच्या वर्कशॉपमध्ये प्रत्येक दांड्याची हीच परीक्षा असायची. सरळ असेल तो नुसता सरसरत जायचा. जो उड्या मारायचा तो कधी विकला गेला नाही. परसातल्या टोमॅटोंना टेकू म्हणून गेला.

टप, टप, टप. हे कळायला डोळे लागत नव्हते.

"कधीपासून?"

"जानेवारीपासून. माझ्यामुळे झालं, डॅड. गाडीच्या डिकीत राहिला. तू दिलास तेव्हा सुतासारखा सरळ होता."

"मग दर रविवारी काय सांगत होतीस?"

कॉरीनची मान खाली गेली. "तुला वाईट वाटू नये म्हणून..."

"हं. आणि हे डिकीचंही त्यासाठीच."

त्याने तिच्या पिशवीत हात घालून काळा दांडा काढला, बोटांनी टोकापर्यंत चाचपला.

"याला ऊनपाऊस काही बाधत नाही म्हणे?"

"नाही."

"फुटला तर?"

"फेकून द्यायचा. सांधता येत नाही."

न बघता त्याने दांडा मुठीवर टेकवला. आटे पहिल्याच वळणाला धरले. कॉरीनला त्यासाठी नेहमी दोन-तीनदा खटपट करावी लागे. ती त्याच्या बोटांकडे बघतच राहिली. त्यांना जराही कंप नव्हता.

"डॅड, तुझे हात बघ ना—"

"डेनीस चुकली. जा, खेळ."

ती गेली आणि उरलेले सगळे चेंडू एकामागून एक घातले. टाळ्या पडल्या, कुणीतरी पाठीवर थाप मारली. ती वळली तेव्हा बाक रिकामा होता. मर्व्हिन दारापाशी पोचला होता, मेपलचा दांडा काखेत धरून.

ती धावत गेली.

"त्या लेथवाल्याचा नंबर तुझ्याकडेच आहे ना?" त्याने विचारलं. "उद्या बोलाव त्याला."

"डॅड, देवाशपथ सांगते, डिकीतच राहिला होता!"

"हो गं, हो." त्याने तिच्या गालावर हळूच थोपटलं. "चांगली खेळलीस. आणि टोमॅटोंना एक टेकू कमीच पडत होता."